तिसरी कव

१

झाडं बघायला जायचं, हे काय माणूस मारायचं निमित्त झालं? पण नाथाजीला दुसरं सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर ह्याच्याइतकं बेमालूम दुसरं काही सापडलंही नसतं. चिंतामण झाडाच्या नावानं कुठंही आला असता. लहानपणापासून तसाच होता तो. जेवायला बोलवा, काहीतरी काम सांगेल. लग्नाला बोलवा, पोट दुखेल. पण अमक्या गावात मोठा वड आहे म्हणा, की लागला चपला शोधायला.

दोघं वाईकडच्या एकाच गावचे. नाथाजी शेतकऱ्याच्या घरचा, चिंतामण तिथल्या शाळामास्तरांचा मुलगा, आणि दोघांच्या मागं शेपटासारखा नाथाजीचा धाकटा भाऊ जोती. तिघांनी मिळून झाडांची एक वही केली होती. पंचक्रोशीतलं मोठं झाड गाठायचं, खोडाला पोट लावून हात पसरायचे, शेजारच्याची बोटं धरायची. एका माणसाची एक कव. मग चिंतामण वहीत झाडाचं चित्र काढायचा आणि खाली लिहायचा : ‘वड. तिघांच्या तीन कवा, वर दोन हात उरतं.’ असली वही घेऊन उन्हातान्हात हिंडणाऱ्या पोरांना गाव खुळ्यात काढायचं, पण कुणाला काय करायचंय? तिघांचं बरं चाललं होतं.

पुढं चिंतामण सांगलीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. नाथाजी पलटणीत गेला, पूल बांधणाऱ्या तुकडीत, आणि लढाईबरोबर सरकत सरकत पार इटलीत पोचला. जोती मागं राहिला आणि बेचाळीसनंतर भूमिगत झाला. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात पोलिसांनी त्याला गावाबाहेरच्या चिंचेच्या ढोलीतून ओढून काढलं आणि तिथंच गोळी घातली. बावीस वर्षांचा होता.

आता त्या ढोलीत माणूस मावतो, हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. बाहेरून बघितलं तर भोक एवढंसं. पोपटाला पुरावं इतकंच. आत शिरायचं तर आधी कोपर घालायचं, मग अंग वळवायचं, ही युक्ती ह्या तिघांनी शोधलेली आणि एकमेकांच्या गळ्याची शपथ घेऊन लपवलेली. तिघांतला एक मेला. एक साता समुद्रापलीकडं होता. मग बोलला कोण? नाथाजीनं हे कोडं इटलीच्या चिखलात सोडवलं, परतीच्या बोटीत सोडवलं, पलटणीतून सुटून घरी आल्यावर आईच्या दारात बसून सोडवलं. दर वेळी उत्तर एकच. ज्याला भाऊ मानला त्यानं केसानं गळा कापला.

म्हणून शेहेचाळीसच्या शिमग्याच्या तोंडावर तो सांगलीला आला. चिंतामणची खोली पेठेत, खाली हळदीची वखार. खिडकीच्या चौकटीवर पिवळी पूड, पाण्याच्या तांब्यावर पिवळी पूड, चिंतामणच्या टोपीच्या काठालाही तीच. पाच वर्षांनी मित्राला बघून त्याचे डोळे भरून आले. हे नाथाजीला अगदी असह्य झालं, पण तो हसला. पलटणीत माणूस हसायला शिकतो.

सतरंजीवर वही उघडून दोघांनी बेत आखला. सातारा रोडपर्यंत आगगाडी, तिथून सर्व्हिस मोटार. पहिल्या दिवशी डोंगरापलीकडचा वड, दुसऱ्या दिवशी कृष्णेकाठच्या मठामागची गोरखचिंच, मग मुक्काम नाथाजीच्या घरी. बरोबर भाकरी-पिठलं किती, कांदे किती, इथपर्यंत सगळं ठरलं. चिंतामणनं वळणदार अक्षरात दोन्ही झाडं कागदावर उतरवली आणि पेन्सिल खाली ठेवली.

“आन् चिंच?” नाथाजीनं विचारलं.

“चिंच राहू दे, नाथा.”

“वहीत हाय ती.”

“वहीत आहे रे. पण राहू दे.”

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. नाथाजीनं पेन्सिल उचलली आणि तिसऱ्या ओळीवर स्वतःच्या हातानं ‘चिंच’ लिहिलं. चिंतामण त्या शब्दाकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तुझं अक्षर अजून तसंच आहे.

नाथाजीच्या पिशवीत कपड्यांच्या तळाशी इटलीहून आणलेला सुरा होता. गोळी घालायला पोलीस होते, सुऱ्याला मी आहे, असा त्याचा साधा विचार होता. आणि जागा तीच हवी होती, चिंचेखालची.

२

वडापाशी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पारंब्यांच्या आत ऊन शिरत नव्हतं. साळुंक्यांचा गलका चालला होता, आणि दोघांनी खोडाला हात लावला तसा तो थांबला. पाखरं माणूस बघून गप्प होतात, त्यात नवल काही नाही.

नाथाजी ह्या अंगानं उभा राहिला, चिंतामण त्या अंगानं. मधे खोड, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. नाथाजीनं गाल सालीला टेकला आणि दोन्ही हात पसरले. उजव्या हाताला चिंतामणची बोटं लागली, मास्तराची, मऊ, घामेजलेली. डाव्या हातालाही बोटं लागली. कव पुरी झाली.

“बसली की रे,” पलीकडून चिंतामण म्हणाला. “लहानपणी तिघांना पुरत नव्हती.”

लहानपणी हात लहान होते. आता मोठे झाले. नाथाजीलाही ते पटलं, क्षणभर. पण तो पूल बांधणाऱ्या तुकडीतला माणूस. माप घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं खिशातली फीत काढून खोडाभोवती फिरवली. साडेसोळा फूट. मग चिंतामणला हात पसरायला लावून त्याची कव मोजली, स्वतःची मोजवून घेतली. दोघांची मिळून साडेअकरा.

फीत कुठंतरी अडकली असेल म्हणून त्यानं परत लावली. साडेसोळा. तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा चिंतामण कंटाळून चित्र काढायला बसला होता. नाथाजी फितीचं टोक हातात धरून उभा राहिला. पाच फूट कमी पडत होते, आणि तरी त्याच्या डाव्या हाताला बोटं लागली होती, ह्यात शंका नव्हती. राठ होती, नांगर धरणाऱ्याची. खोड खाली बारीक असेल नि वर जाड, हात खाली धरले असतील, फीत वर गुंडाळली असेल. असं काहीतरी झालं असेल. शहाण्या माणसानं पाच फुटांसाठी डोकं फिरवून घ्यायचं नसतं.

मोटारीची वाट बघत बसले असताना चिंतामणनं मात्र सहज विचारलं, की नाथा, तुझा एक हात ऊन आणि एक गार कसा रे? नाथाजीनं सांगितलं, इटलीत हिवानं रगत गोठलं त्या हाताचं. थाप तोंडातून निघून गेली, आणि मग त्याच्या अंगावर काटा आला.

३

गोरखचिंच म्हणजे झाडांतला हत्ती. मठ ओसाड, गोसावी कधीच निघून गेलेला, घाटावर धुणं आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. ह्या वेळी नाथाजीनं आधी फीत लावली. तीस फूट भरलं. दोन माणसांना कव घालणं शक्यच नाही, आणि तेच त्याला बघायचं होतं. शक्य नाही म्हटल्यावर कालचं सगळं मनाचे खेळ ठरणार होतं.

“कशाला उगीच?” चिंतामण म्हणाला. “पुरायची नाही.”

“न्हाई तर न्हाई. वहीत लिहाया पायजे का नगो?”

त्यानं चिंतामणचा हात उजव्या हातात घट्ट धरला, म्हणजे तो हललेला कळावा. डावा हात मात्र त्यानं नीट पसरलाच नाही. कोपरात वाकवून सालीवर नुसता ठेवला, मूठ मिटून. घाटावरचं धुणं थांबलं. खोडाला कान लागलेला होता. आतून पोकळ, मडक्यात फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. मग कुणीतरी त्याच्या मिटल्या मुठीचं एक एक बोट उलगडलं. घाई न करता, करंगळीपासून. आणि उलगडून झाल्यावर हातात हात दिला.

असं करंगळीपासून मूठ सोडवायची खोड एकाच माणसाची होती. लहानपणी नाथाजीच्या मुठीतला गूळ जोती असाच काढून घ्यायचा.

नाथाजीनं हात ओढला नाही. भीती वाटली, नाही कशाला म्हणा? अठरा-वीस फूट अंतर एका माणसाच्या कवेनं भरून काढायचं म्हणजे ते हात केवढे असतील, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्यानं तो तिथंच सोडून दिला. कारण भीतीच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, आणि ते होतं समाधान. दोन वर्षं तो एकट्यानं जळत होता. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. जोती आला होता. त्यालाही त्याचा माणूस हवा होता.

“पुरली?” चिंतामणचा आवाज आला. तो खुळ्यासारखा हसत होता, लहान पोराच्या आनंदानं. “नाथा, अरे पुरली कशी?”

“पुरली,” नाथाजी म्हणाला. “मनात असलं की पुरतंय समदं.”

त्यानं मनाशी बेत पक्का केला. चिंचेपाशीही कव घालायची. चिंतामणचा एक हात माझ्या हातात, एक जोतीच्या. मधे सापडला की पळून जाईल कुठं?

४

घरी अंबूबाईनं, म्हणजे नाथाजीच्या आईनं, दोघांना वाढलं. उभ्या गावात जिच्या जिभेला हाड नाही म्हणून ख्याती, ती बाई त्या दिवशी गप्प होती. तिनं चिंतामणच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ते बघून नाथाजीनं हातातला घास ताटात टाकला. ज्यानं पोरगं खाल्लं त्याची अलाबला घेते ही, आणि हिला सांगायचं तरी कुणी? उद्या कळेल, असं म्हणून तो पाणी प्यायला.

उद्या चिंचेकडं जायचंय, असं त्यानं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. अंबूबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिनं आधी चिंतामणकडं बघितलं. चिंतामणनं मान हलवली, मी काही बोललो नाही अशी. नाथाजीनं ते टिपलं. म्हणजे ह्या दोघांत काहीतरी आहे, तर मग ह्यानं आईलाही काहीतरी सांगून गुंडाळलंय.

“नाथा, तिकडं जाऊ नगं,” अंबूबाई म्हणाली. “मी तुझी आई हाय म्हनून सांगती. त्या झाडानं माझं एक नेलंय.”

“झाडानं न्हाई नेलं, आई. मान्सानं नेलं.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

५

दुपार टळटळीत होती. ओढा आटून दगड उघडे पडले होते. चिंचेखाली गाभुळलेल्या चिंचांचा खच पडला होता, आणि त्यातली एकही कुणी उचललेली नव्हती. शाळेतली पोरं ज्या झाडाला दगड मारायची थांबतात, ते झाड गावानं टाकलं असं समजावं. ढोली ओढ्याच्या अंगाला होती. ह्या बाजूनं दिसत नव्हती.

सुरा नाथाजीनं सकाळीच कमरेला खोचला होता. त्यानं चिंतामणला उजवीकडं उभं केलं. चिंतामणचा चेहरा उतरला होता, पण त्यानं मुकाट्यानं हात पसरले. नाथाजीनं उजव्या हातानं त्याची बोटं धरली, डावा हात सालीवरून पलीकडं नेला. वाट बघावी लागली नाही. तिथं हात तयारच होता.

नाथाजीनं तोंड सालीला लावलं. “जोती,” तो हळूच म्हणाला, “धर त्याला.”

आणि चिंतामणची बोटं सोडून त्यानं सुरा उपसला. आता पलीकडून किंकाळी येईल, झटापट ऐकू येईल, म्हणून तो कान देऊन उभा राहिला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो आवाज त्याला नीट ऐकायचा होता. आवाज आला तो चिंचांची टरफलं पायाखाली मोडल्याचा. चिंतामण हात झटकत, आपल्या पायानं चालत खोडाला वळसा घालून समोर आला.

“का सोडलंस?” त्यानं विचारलं, आणि मग त्याला सुरा दिसला.

नाथाजी त्याच्याकडं झेपावला. निदान झेपावायला गेला. डावा हात आला नाही. मनगटापासून धरलेला होता.

“तुला धरलं न्हाई?” नाथाजीनं विचारलं.

“कोणी?”

नाथाजीनं हाताला हिसडा दिला. पलीकडची पकड सैल झाली नाही, घट्टही झाली नाही. तरी त्यानं सुरा खाली घेतला नाही. चिंतामण टप्प्यातच उभा होता. सरकला असता तर सुटला असता, पण सरकला नाही.

“ढोलीचं कुनी सांगितलं पोलिसांस्नी?” नाथाजी म्हणाला. “तिघांबिगर कुनाला ठावं हुतं? मी हतं नव्हतो. बोल, चिंत्या. बोलून मर.”

“तुझ्या आईनं शपथ घातलीय मला.”

“शपथ गेली वढ्यात. बोल.”

चिंतामणनं डोक्यावरची टोपी काढली. मग खाली बघत, पोरं कविता म्हणतात तसं एका सुरात, पाठ असलेलं बोलायला लागला. “प्रिय चिंत्या. इथं जैतुनाची झाडं आहेत, बुटकी, एकाच्या कवेत दोन मावतात. बघून आपल्या चिंचेची आठवण येते. आईला हे पत्र वाचून दाखव, आणि जोतीला निरोप दे म्हणावं. शिपाई मागं लागले तर गावाबाहेरच्या चिंचेच्या ढोलीत जाऊन बस. भोकाला भिऊ नको, लहानपणीसारखं आधी कोपर घाल, मग अंग वळव. देवालासुद्धा सापडायचा नाहीस.”

नाथाजीला तंबू आठवला. पाऊस पडत होता, खोक्यावर कागद ठेवून तो लिहीत होता, आणि शेवटची ओळ लिहिताना आपणच हसला होता. पलटणीतलं पत्र साहेब लोक फोडून वाचतात हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर पुलाचं नाव, नदीचं नाव, गावाचं नाव त्यानं कधी कागदावर येऊ दिलं नाही. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा तुकडीत कुणी नव्हता. पण घरच्या झाडाबद्दल लिहायला काय हरकत, असं त्याला वाटलं होतं. लिहिलं, टपालात टाकलं आणि विसरून गेला.

“पत्र मला पोचलं तेव्हा जोतीला जाऊन तेरा दिवस झाले होते,” चिंतामण म्हणाला. “पाकीट फोडून परत चिकटवलेलं होतं. त्याची नक्कल फौजदाराकडं आधीच आली होती. इथंच उभं राहून त्यानं ती वाचली, मोठ्यानं. एकट्या तुझ्या आईला मुद्दाम धरून आणलं होतं. आई म्हणाली, एक गेला, दुसऱ्याला हे कळलं तर तोही जाईल. तुला माझ्याबद्दल वाटेल ते वाटू दे, पण हे सांगायचं नाही, अशी शपथ घातली.”

“आन् जोती?”

“तो आत ढोलीतच होता, नाथा. सगळं ऐकलं त्यानं.”

सुरा केव्हा पडला ते नाथाजीला कळलं नाही. दोन वर्षं त्यानं ज्या माणसाला रोज मनात मारला, त्याचं तोंड आता त्याला दिसायला लागलं होतं, आणि ते चिंतामणचं नव्हतं. डाव्या हाताची ओढ वाढली. रागाची ओढ नव्हती ती. विहिरीवर रहाट ओढावा तशी, सावकाश, एकसारखी. त्याचा खांदा खोडाला भिडला, मग गाल, मग गालाची कातडी सोलून सालीला लागली.

चिंतामण धावत पलीकडं गेला. तीन-चार पावलांचा आवाज आला आणि थांबला. नाथाजी वाट बघत राहिला. मग चिंतामण परत आला, तो पाठमोरा, एक एक पाऊल मागं टाकत. ओढ्याच्या अंगाकडून त्यानं नजर काढली नव्हती.

“कोन हाय?” नाथाजीनं विचारलं.

चिंतामणनं येऊन नाथाजीच्या कमरेला मिठी घातली, पाय मुळाला रोवले आणि जीव खाऊन मागं ओढायला लागला. मास्तराच्या हातांत ती कुठली ताकद होती देव जाणे, पण नाथाजीच्या खांद्याचा सांधा दोन्हीकडून ताणला जाऊन करकरला.

“सोड,” नाथाजी म्हणाला.

“नाही सोडत रे तो,” चिंतामण रडत होता. “नाथा, तो सोडत नाही.”

“त्याला न्हाई. तुला म्हनतोय.”

चिंतामणच्या हातांची मिठी ढिली झाली. नाथाजीनं मोकळा उजवा हातही सालीवरून पुढं पसरला.